देश आठ टक्क्यांनी वाढला, मग काकांची रात्रपाळी का बंद?

२८ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी बातमी आली, जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशाचा जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर काकांनी मला गाठलं. काका म्हणजे सख्खे नव्हेत, त्यांचं छोटं मशीन शॉप आहे, तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन), दोन लेथ, दोन्ही पाळ्या धरून नऊ माणसं, आणि त्यांचं जीएसटी, बँकेची स्टेटमेंटं, बिलांच्या फाईली हे सगळं मी बघतो, त्यामुळं आकड्यांचा कुठलाही प्रश्न आला की तो माझ्याकडंच येतो. "ते आठ टक्के बघितलास न्हवं? देश आठ टक्क्यानं वाढलाय म्हणं आणि माझी रात्रपाळी दिवाळीपासनं बंद हाय. ह्यातलं खोटं कुठलं सांग की."

खोटं दोन्हीतलं कुठलंच नाही. पण हे चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं नव्हतं, आणि हाच प्रश्न मला वडगावातल्या मागवाल्यांनी विचारलाय, चिक्कोडीकडच्या ऊसवाल्या पाहुण्यांनीही विचारलाय, म्हणून जरा ऐसपैस लिहितोय.

सुरुवात काकांच्याच टेबलावरून करू. त्यांच्याकडं ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग (बाहेरचं कवच) येतं, म्हणजे फौंड्रीतून, धातू वितळवून साच्यात ओततात तिथून, आलेलं कच्चं कास्टिंग, काळपट, खरबरीत, कडेला थोडी वाळू अजून चिकटलेली. काका ते विकत घेतात, व्हीएमसीवर लावून फेस मारतात (बाजू सपाट करतात), बोअर करतात (भोक मापात आणतात), टॅपिंग करतात (आटे पाडतात) आणि मोठ्या कंपनीला देतात. आता आकडे फक्त समजण्यापुरते धरूया. फौंड्रीनं स्क्रॅप, पिग आयर्न, वाळू, वीज असं ३५०० रुपयांचं सामान वापरलं आणि कास्टिंग ५००० ला काकांना विकलं. काकांनी टूल, कूलंट, विजेला ४०० घातले आणि तयार नग ६५०० ला दिला. आता या सगळ्यांची विक्री मिळवली तर साडेतीन, पाच आणि साडेसहा, पंधरा हजार होतात, पण देशात पंधरा हजाराचं काही तयारच झालेलं नाही, एकच हाउसिंग आहे आणि ते साडेसहा हजाराचं आहे. तेच स्क्रॅप तीनदा मोजलं गेलं. म्हणून जीडीपी काढताना विक्री मोजत नाहीत, प्रत्येकानं आपल्या हातानं किती किंमत वाढवली ते मोजतात. फौंड्रीनं १५०० वाढवले, काकांनी ११००. याला मूल्यवर्धन म्हणतात, बातम्यांत जीव्हीए म्हणून येतं ते हेच. देशातल्या सगळ्यांचं मूल्यवर्धन मिळवायचं, त्यात वस्तूंवरचे कर घालायचे, सबसिड्या वजा करायच्या, की झाला जीडीपी.

काकांचे ते ११०० म्हणजे त्यांचा नफा नव्हे बरं का. त्यातच ऑपरेटरचा पगार आहे, बँकेचं व्याज आहे, मशीन झिजतंय त्याचा घसारा आहे, आणि सगळं देऊन राहिलं तर नफा. म्हणजे मूल्यवर्धन वाढलं एवढं कळल्यानं ते कुणाच्या खिशात वाढलं हे कळत नाही.

आणि कधीकधी कष्ट होतात पण मूल्य वाढतच नाही. मी एकदा तिथं उभा असताना ऑपरेटरनं बोअर घ्यायला सुरुवात केली, टूल आत गेलं, कापत कापत निम्म्यावर आलं आणि आवाज बदलला. मशीन थांबवून हात घालून बघितलं तर धातूच्या आत हरभऱ्याएवढं भोक. ब्लो होल. बाहेरून कास्टिंग ठणठणीत, पोटात पोकळ. चाळीस मिनिटं मशीन चाललं होतं, वीज गेली होती, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजला होता, आणि नग रिजेक्ट. फौंड्री कास्टिंग बदलून देते पण मशिनिंगचे पैसे कोण देत नाही. ती चाळीस मिनिटं देशाच्या हिशेबात फक्त खर्च म्हणून येतात. रिजेक्शन दहावरून पाच टक्क्यांवर आणलं तर एकही नवं मशीन न घेता मूल्यवर्धन वाढतं, आणि छोट्या शॉपसाठी वाढीचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच आहे असं माझं ठाम मत आहे.

आता ते ८.२. पहिली गोष्ट, हा आकडा जुलै ते सप्टेंबरचा आहे, जाहीर नोव्हेंबरच्या शेवटी झाला, आणि काकांची रात्रपाळी बंद झाली दिवाळीनंतर, म्हणजे ऑक्टोबर संपता संपता. त्या तीन महिन्यांत त्यांच्या दोन्ही पाळ्या जोरात होत्या, मला चांगलं आठवतंय, गणपतीच्या सुट्टीतसुद्धा एक मशीन चालू होतं. सणाच्या आधी सगळ्या कंपन्या माल भरून ठेवतात. त्यात २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्के, छोट्या गाड्या आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या टू-व्हीलरवरचा २८ वरून १८ टक्के, म्हणजे दसरा-दिवाळीला विक्री वाढणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि त्यासाठीचं उत्पादन आधीच झालं. जीडीपी म्हणजे मागच्या मुक्कामावर काढलेला फोटो आहे, गाडी आता कुठं आहे ते त्यात दिसत नाही.

दुसरं, ही वाढ कशाच्या तुलनेत? आपल्याकडं तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण आपल्या भागात ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत गाळला जातो, मग पावसाळ्याची तुलना गळीत हंगामाशी करून काय उपयोग. पण यात मागचं वर्ष बसकं असलं की यंदाची उंची जास्त दिसते. २०२४ च्या जुलै-सप्टेंबरला वाढ ५.६ टक्केच होती. आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉकडाऊनचं. २०२० च्या एप्रिल-जूनला जीडीपी जवळजवळ २४ टक्क्यांनी आपटला, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली. ऐकायला बहुतेक सगळं भरून निघालं असं वाटतं. पण १०० चे झाले ७६, आणि ७६ वर २० टक्के म्हणजे साधारण ९१. वीस टक्क्यानं वाढूनसुद्धा आपण जुन्या जागेच्या खालीच होतो.

तिसरी गोष्ट जरा नीट वाचा, कारण खडेबाजारातल्या दुकानदारांचा सगळा गोंधळ इथंच होतोय. ८.२ ही महागाई काढून टाकलेली वाढ आहे. म्हणजे किती माल, किती सेवा वाढली ते. रुपयातली वाढ त्याच तिमाहीत ८.७ टक्के होती. आणि एक वर्ष मागं, जेव्हा खरी वाढ ५.६ होती, तेव्हा रुपयातली वाढ होती ८.३. परत बघा, खरी वाढ ५.६ वरून ८.२ वर गेली, पण रुपयातली ८.३ वरून ८.७, म्हणजे जवळजवळ तिथंच. दुकानदार गल्ला रुपयात मोजतो, बँक हप्ता रुपयात घेते, जीएसटी रुपयात भरायचा असतो, त्यामुळं "मागच्या वर्षीपेक्षा काय विशेष फरक नाही ओ" असं जे तो म्हणतो ते त्याच्या जागी बरोबर आहे. फरक पडला तो महागाईत. २०२५ च्या ऑक्टोबरला किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली होती, भाजी-डाळी उतरल्या होत्या. गिऱ्हाइकाला ते चांगलं, पण टोमॅटो पिकवणाऱ्याच्या हातात तेवढेच कमी रुपये आले हेही तितकंच खरं.

आणि ही महागाई काढायची कशी यातच एक मोठी भानगड आहे, ती मला स्वतःला कळायलाही दोन दिवस लागले. परत काकांच्या हाउसिंगवर येऊ. समजा मागच्या वर्षी आणि यंदा नग अगदी सारखे झाले आणि काकांचा विक्रीचा रेटही ६५०० च राहिला. फक्त स्क्रॅप उतरल्यामुळं कास्टिंग ५००० चं ४७८० ला मिळालं. आता काकांचं मूल्यवर्धन ११०० वरून १३२० झालं. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत कारखानदारीसाठी साधारण असं करायचे की हे मूल्यवर्धन घ्यायचं आणि तयार मालाच्या घाऊक किमतीच्या निर्देशांकानं भागायचं. तयार मालाची किंमत तर बदललीच नाही, म्हणजे भागून काही कमी होत नाही, आणि काकांची "खरी" वाढ निघते २० टक्के. एक नग जास्त नाही, एक माणूस जास्त नाही, तरी २० टक्के. दुसरी पद्धत अशी की तयार माल वेगळा आणि कच्चा माल वेगळा, दोन्ही आपापल्या किमतीनं मागच्या वर्षाच्या भावात आणायचे आणि मग वजाबाकी करायची. तसं केलं तर वाढ शून्य निघते, आणि खरं उत्तर तेच आहे. कच्चा माल महागला की पहिल्या पद्धतीत उलटं होतं, वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसते. त्यामुळं कुणीतरी मुद्दाम फुगवलं असा याचा अर्थ घेऊ नका, पण ज्या वर्षी घाऊक महागाई शून्याच्या आसपास घुटमळते त्या वर्षी या पहिल्या पद्धतीनं काढलेला कारखानदारीचा आकडा जरा हात राखूनच वाचावा. त्या तिमाहीत कारखानदारीची वाढ ९.१ टक्के आली होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनंही त्याच नोव्हेंबरमध्ये आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीला सी दर्जा दिला, त्यात जुनं पायाभूत वर्ष आणि ही किमतीची पद्धत, ही दोन्ही कारणं होती.

काकांनी मध्येच विचारलं, "पण माझं शॉप ह्यात मोजतात तरी काय?" हा प्रश्न भारी आहे. थेट उत्तर, दर तीन महिन्यांनी नाही. सरकारचा कारखान्यांचा वार्षिक सर्व्हे आहे तो वीज वापरणाऱ्या आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांचा. काकांकडं नऊ. म्हणजे ते त्याच्या बाहेर. अशा छोट्यांसाठी असंघटित उद्योगांचा वेगळा सर्व्हे होतो, २०२३-२४ च्या त्या सर्व्हेत देशात ७.३४ कोटी असे धंदे आणि त्यात १२ कोटींवर माणसं निघाली. केवढा मोठा आकडा आहे बघा. मच्छे, होनगा, उद्यमबागेतली छोटी शॉप्स, शहापूर-वडगावचे माग, निपाणीच्या घराघरात विड्या वळणाऱ्या बायका, खानापूर रोडवरचे गॅरेजवाले, हे सगळे या मापाचे लोक. पण त्या २०११-१२ च्या मालिकेत तिमाहीचा आकडा काढताना यांची ताजी माहिती हातात नसायचीच, मग मोठ्या कंपन्यांचे निकाल, औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक असल्या गोष्टींवरून अंदाज धरायचे. मोठे वाढले तर छोटेही साधारण तसेच वाढले असतील असं त्यात गृहीत होतं. बहुतेक वेळा ते चालून जातं. पण नोटाबंदी, जीएसटीची सुरुवात, लॉकडाऊन अशा वेळी मोठ्यांना खरचटतं आणि छोट्यांचं हाड मोडतं, तेव्हा हा अंदाज छोट्यांचं दुखणं नीट पकडू शकत नाही.

दर महिन्याला येणारे जे आकडे आहेत तेही थोडक्यात सांगतो. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक, आयआयपी, यात एका ठरलेल्या वर्षाचं उत्पादन १०० धरून (२०२५ मध्ये ते वर्ष २०११-१२ होतं) आज किती ते बघतात, त्यात तेव्हा कारखानदारीचं वजन ७७ टक्क्यांवर होतं, बाकी खाणी आणि वीज. एका महिन्याचा आयआयपी बघून आनंदही करू नये आणि घाबरूही नये. २०२५ च्या ऑक्टोबरचा पहिला आकडा आला तो जेमतेम ०.४ टक्के वाढीचा, आणि पुढच्याच महिन्यात ६.७. ऑक्टोबरात दसराही होता आणि दिवाळीही, कामाचे दिवसच कमी. काकांच्या शॉपला आठ दिवस कुलूप होतं, तसंच सगळीकडं. दुसरा तो पीएमआय, त्यात कंपन्यांच्या खरेदी बघणाऱ्या लोकांना विचारतात, ऑर्डर मागच्या महिन्यापेक्षा वाढल्या, घटल्या की तेवढ्याच? शंभरातले तीस वाढल्या म्हणाले, पन्नास तेवढ्याच म्हणाले, तर तीस अधिक पन्नासचे निम्मे, ५५. पन्नासच्या वर म्हणजे वाढणारे जास्त. किती वाढलं ते यात कळत नाही, किती जणांचं वाढलं एवढंच कळतं. माझं विचाराल तर आपल्या भागासाठी मी महिन्याच्या एक तारखेला ट्रॅक्टर आणि ट्रक कंपन्या विक्रीचे आकडे देतात ते आधी बघतो, कारण त्यांचा माल कमी झाला की महिना-दीड महिन्यात उद्यमबागेत कळतं. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या फौंड्र्यांचंही तेच आहे, हद्द कर्नाटकची असो की महाराष्ट्राची, कास्टिंग एकाच ट्रॅक्टरला जातं.

आता सरासरीचं. त्या २०११-१२ च्या मालिकेप्रमाणं देशाचा जीडीपी २०२४-२५ मध्ये सुमारे ३३१ लाख कोटी रुपये, माणसामागं काढला तर साधारण २ लाख ३५ हजार वर्षाला. पण शेतीचा मूल्यवर्धनात वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आणि शेतीवर काम करणारे ४६ टक्के. म्हणजे निम्म्याला टेकलेली माणसं पाचव्या हिश्शाहून कमी कमाईत वाटेकरी. कर्नाटकाचं बघा, राज्याच्या उत्पन्नातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या बेंगळूरचा. उत्तरेकडच्या भागाच्या मागासलेपणावर नंजुंडप्पा समितीनं २००२ ला अहवाल दिला, तेव्हापासून ही चर्चा चालूच आहे. आपल्याच जिल्ह्यात बघितलं तरी हत्तरगीला विमानाचे सुटे भाग तयार होतात, मायक्रॉनमध्ये मोजून जगभर जातात, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर वडगावात माणूस तीस वर्षांचा माग ग्रीस लावून लावून चालवतोय. दोघंही एकाच ८.२ मध्ये.

मागाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. २०१९ च्या ऑगस्टचा महापूर इथं कुणी विसरलेलं नाही. माझ्या मावशीच्या घरी खालच्या खोलीत दोन माग होते. पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा ताणा अजून मागावर तसाच होता, अर्धी साडी विणलेली, जरीच्या काठापर्यंत चिखल आलेला, आणि मोटर काढून उलटी ठेवली तर तिच्यातून पाणी गळत होतं. मावशी काहीच बोलली नाही, कांड्या एक एक करून पुसत बसली होती. त्या दोन मागांची किंमत देशाच्या जीडीपीतून वजा झाली नाही. होतच नाही. जीडीपी वर्षभरात काय तयार झालं ते मोजतो, आधी कमवून ठेवलेलं काय बुडालं ते मोजत नाही. उलट नंतर मोटर नवीन घेतली, भिंत बांधली, सिमेंट आलं, गवंडी आला, हे सगळं त्यात मिळवलं गेलं. बंद राहिलेल्या दोन महिन्यांची मजुरी तेवढी हिशेबाप्रमाणं कमी. ज्याचं बुडालं त्याला वाढीचा आकडा परका वाटतो तो यामुळं, आणि यात त्याची समजूत चुकलेली नसते, मोजायची वस्तूच वेगळी आहे.

ऊस. ज्या नोव्हेंबरच्या शेवटी ८.२ आलं त्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुर्लापूर क्रॉसवर ऊसवाले रस्त्यावर होते, टनाला ३५०० मागत होते, आणि शेवटी ३३०० ची घोषणा झाली. यातला हिशेब असा. केंद्राचा एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०, पण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. २०१८-१९ ला १० टक्के उताऱ्याला २७५ होता. म्हणजे उसाचा भाव चढत गेला, आणि साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ केली ती २०२५ पर्यंत तिथंच राहिली. बाजारात साखर ३१ च्या वर जाते हे खरं, शिवाय इथेनॉल आलं, पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्यापर्यंत देश २०२५ मध्ये पोचला, त्यानं कारखान्यांना दुसरा आधार मिळाला, तरी ओढाताण याच दोन आकड्यांमधली आहे. आणि चिक्कोडी, अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरीत उसाचं बिल म्हणजे फक्त शेतकऱ्याचं बिल नसतं. बिल जमा झालं की आठवड्यात संकेश्वरच्या शोरूमला टू-व्हीलर बुक होते, पोरीचं लग्न ठरतं, शहापुरात साड्या उचलल्या जातात, ट्रॅक्टरचं डाऊन पेमेंट होतं, आणि फिरून फिरून तो पैसा काकांच्या व्हीएमसीवर हाउसिंगच्या रूपानं येतो. देशाच्या जीडीपीत साठ टक्क्यांच्या आसपास लोकांचा घरखर्च आहे, तो असा गावागावातून जमतो. कायद्यानं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते लांबले की हे सगळं चाक तेवढं लांबतं.

इथंच मला काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर सापडलं. मी आधी त्यांना अमेरिकेचं सांगत होतो, की २७ ऑगस्टपासून आपल्या बऱ्याच मालावर तिकडं ५० टक्के शुल्क लागलं, बाहेर माल पाठवणाऱ्यांनी हात आखडलेत, त्याची झळ असेल. काका म्हणाले, "न्हाई रे, ऑर्डर हाय. कंपनीकडनं शेड्यूल आलंय, दोनशे नगाचं. कास्टिंग आणायला पैसा न्हाई." मग आम्ही ऑफिसात येऊन फाईल उघडली. ऑगस्टची तीन बिलं, सप्टेंबरची चार. नोव्हेंबर संपत आला तरी यातल्या एकाच बिलाचे पैसे आले होते. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, काठोकाठ भरलेली, तिच्यावर रोज व्याज चढतंय, आणि फौंड्रीवाला म्हणतोय मागचं दिल्याशिवाय पुढचं कास्टिंग उचलायचं नाही, तोही त्याच्या जागी बरोबर, कारण त्याला स्क्रॅपवाला उधार देत नाही. म्हणून रात्रपाळी बंद.

आणि बघा, जुलै ते सप्टेंबरमध्ये काकांनी जे नग करून दिले ते सगळे त्या तिमाहीच्या उत्पादनात धरले जाणारे आहेत. माल तयार झाला, मूल्य वाढलं, जीडीपीच्या हिशेबात काम संपलं. पैसे हातात आले का, कधी आले, हे जीडीपी विचारतच नाही. म्हणजे ज्या ८.२ बद्दल काका मला विचारत होते त्यात त्यांचाही घाम आहे, फक्त त्याचे रुपये अजून दुसऱ्याच्या खात्यात आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ज्या व्याजानं ती बँकांना पैसे देते तो, फेब्रुवारी ते जून ६.५ वरून ५.५ वर आणला, त्यानं सीसीचं व्याज थोडं उतरलं, पण नव्वद दिवस अडकलेल्या पैशाला एक टक्क्याची सूट कितीशी पुरणार? छोट्या उद्योगांच्या बाबतीत व्याजदराइतकीच, मी तर म्हणेन जास्तच, पैसे किती दिवसांनी येतात याची मोजणी व्हायला पाहिजे.

कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकरातही कलम ४३ बी मध्ये भर घातली, २०२३-२४ च्या हिशेबापासून, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची आहे, तिथं कंपनीनं बिल मान्य केलं की बँक ते बिल घेऊन छोट्याला लगेच पैसे देते. पण तक्रार करायची तर ज्याच्याकडनं ऑर्डर येते त्याच्याच विरोधात करायची, आणि पुढच्या महिन्यात शेड्यूलच आलं नाही तर? काकांची ही भीती मी चुकीची म्हणणार नाही, तीन मशीनचे हप्ते त्यांना भरायचेत.

आम्ही त्या दिवशी एवढंच केलं. काकांनी उद्यम नोंदणी केव्हाच केली होती पण बिलावर तो नंबर कधी छापलाच नव्हता, त्यामुळं कंपनीच्या अकाउंट्सला हे लघु उद्योग आहेत हे कागदावर दिसतच नव्हतं. आता नंबर छापला, खाली मुदतीची तारीख टाकली, जुन्या सहा बिलांचं एक साधं स्टेटमेंट करून प्रमाणपत्राच्या कॉपीसह मेल केलं, भांडणाचा एक शब्द न घालता. ट्रेड्सवर ती कंपनी आहे का तेही विचारलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑगस्टच्या दोन्ही बिलांचे पैसे जमा झाले आणि काकांनी पन्नास कास्टिंग उचलली, एका मशीनवर रात्रीचा ऑपरेटर परत बोलावला. सप्टेंबरची चार बिलं अजून यायची आहेत.